जित्याला रंग नाही

१२ मार्च, जव्हार

पोचले एकदाची. नाशिकहून एसटीत शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडा होता. घाटात मला जे काही मळमळलं, ते त्याने अतिशय सभ्यपणे दुसरीकडे मान वळवून सहन केलं. इतका सुसंस्कृत सहप्रवासी मला पुण्यात कधी लाभलेला नाही. मोखाड्याला गाडी रिकामी झाली आणि पुन्हा भरली. उद्या होळी, त्यामुळे द्राक्षबागांवर गेलेली माणसं पोरंबाळं, गाठोडी, नवे पत्र्याचे डबे घेऊन घरी निघालेली. सगळे हसत होते. मीही हसत होते, कारण काम मिळालं होतं.

इतकी वर्षं मी मालिकांमधल्या सासवांच्या साड्या सुनांच्या साड्यांपेक्षा एक छटा गडद दिसतील याची काळजी घेतली. मग ती काळजी घेणारं यंत्र आलं, आणि त्याला जेवणाची सुट्टी लागत नाही. मला नारळ आणि शाल मिळाली. आता मी जुने काळेपांढरे फोटो आणि फिती रंगवून देते. त्यातही रंग यंत्रच भरतं, मी मागून जाऊन त्याने सांडलेलं पुसते. धुणंभांडीच, फक्त खुर्चीवर बसून.

मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेला पन्नास वर्षं होताहेत. सुरुवातीच्या काळात कुणी परदेशी डॉक्टर येऊन मुलांची एक लहानशी मूकफीत काढून गेला होता, त्याच्या नातवाने ती आता पाठवली. माजी विद्यार्थ्यांच्या समितीला ती रंगीत हवी आहे. समितीचे अध्यक्ष तुळशीदास गुरुजी. तेही लहानपणी त्या फितीत आहेत म्हणे.

राहायला जागा छान मिळाली. डेपोच्या मागे गौराबाईंची खानावळ, तिच्यावर एक खोली, खिडकीत आंब्याचं झाड. गौराबाई साठीच्या, काटक, तोंडाने तिखट. त्याही त्याच शाळेच्या. पहिल्याच जेवणाला त्यांनी शंका काढली की पुण्याची बाई नाचणीची भाकर खाईल का औषधासारखी गिळील. मी दोन खाल्ल्या. त्यावर शेरा असा, की गिळली, पण मन लावून गिळली. आमचं जमणार.

१५ मार्च

होळी झाली, म्हणजे अजून चालूच आहे. इथे ती एका दिवसात उरकायची पद्धत नाही. गौराबाईंची मुलगी पुष्पा हिने मला गुलाल लावला आणि निघून गेली. तिशीची असेल. बाजारातल्या रोहिदासच्या फोटो स्टुडिओत कामाला आहे. नवऱ्याला सोडून आली आहे. त्याबद्दल मी जरा चौकशी केली तर म्हणाली, सोडला म्हणजे सोडला, पिशवी आहे का, विसरली म्हणून परत आणायला जायला.

दुपारी गौराबाईंना फीत दाखवली. चार मिनिटांची आहे. कुडाची शाळा, उघडा माळ, मुलं. वाळू नावाचा मुलगा जेवणाची थाळी डोक्यावर उलटी घालून पळतो. गोदी नावाची मुलगी कॅमेऱ्याला जीभ दाखवते. तुळशीदास छडी घेऊन उभा, तेव्हापासूनच अध्यक्ष. आणि विहिरीपाशी गौरा. ती बादलीला तोंड लावून पाणी पिते, निम्मं पाणी अंगावर सांडतं, फ्रॉकवर छातीपासून पोटापर्यंत ओला काळा डाग उतरत जातो, आणि ती हसते. नावं गौराबाईंनीच सांगितली, एकेकावर बोट ठेवून. बोटाला बेसन होतं. बरेचसे अजून आहेत म्हणाल्या. वाळू आणि गोदी साखरशेत गावात असतात. तुळशीदास तर आहेच, तो कुठे जातोय.

यंत्राने पहिल्या फेरीत सगळ्या पोरांना असा गुलाबी वर्ण दिला की ती महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला आल्यासारखी दिसली. त्या यंत्राने जन्मात डोंगरातलं मूल पाहिलेलं नाही. त्याला शिकवणाऱ्यांनीही नसावं.

१८ मार्च

तुळशीदास गुरुजी येऊन गेले. इस्त्रीचा सफारी, खिशाला दोन पेनं, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघण्याची सवय. त्यांची इच्छा अशी की फितीत दैन्य दिसू नये. माळ हिरवा करावा. मी म्हटलं, फितीत उन्हाळा आहे. ते म्हणाले, कुणाला कळतंय. फाटकी कापडं नवी दिसावीत. जमल्यास पोरांच्या पायांत चपला घालाव्यात. मी सांगितलं की मी रंगारी आहे, चांभार नाही. हसले नाहीत.

जाता जाता म्हणाले, की छडीवाल्या मुलाच्या चेहऱ्याकडे विशेष लक्ष असू द्या.

२१ मार्च

आज रोहिदासच्या स्टुडिओत जाऊन आले, म्हटलं त्या काळातलं काही जुनं मिळालं तर रंगांचा अंदाज येईल. स्टुडिओ म्हणजे आता झेरॉक्स, आधारकार्डाचे फोटो आणि मोबाइलच्या काचा. पण भिंतीवर एक गंमत होती. त्याच शाळेचा, त्याच सुमाराचा गटफोटो, काळापांढरा, आणि त्यातली काहीच मुलं हाताने रंगवलेली. बाकीची तशीच. मी म्हटलं, काय, रंग संपला का मध्येच?

रोहिदासला हेच हवं होतं. तो बढाईखोर माणूस आहे, काउंटरवरची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून त्याने आजोबांची कीर्ती सांगितली. या भागात पद्धत अशी, की जुन्या फोटोतला माणूस गेला की घरचे स्टुडिओत यायचे. शेवटच्या घडीला त्याच्या अंगावर काय रंग होते ते सांगायचे. लुगडं कुठलं, चेहरा कसा पडला होता. तेच रंग आजोबा फोटोत भरायचे. आता पुष्पा भरते. मेल्यावर माणसाला रंग, जित्याला रंग नाही.

मी विचारलं, का बरं, जित्याने काय घोडं मारलंय. तर म्हणाला, जित्याचा रंग अंगावर असतो मॅडम. आधी फोटोत घातला, तर मंग अंगाला फोटोपरमान व्हावं लागंल. मी म्हटलं, आणि मोबाइलचे फोटो? ते तर जन्मतःच रंगीत. तो म्हणाला, ते त्याचेच रंग, त्याच घडीचे. आपण कुठं घातले?

युक्तिवाद बिनतोड आहे. ही पद्धत मतदारयाद्यांना लावावी असं मी सुचवलं, म्हणजे मतदान कोण करतंय ते एका नजरेत कळेल. रोहिदास खूप हसला. पुष्पा यंत्रावर वाकून झेरॉक्स काढत होती. ती म्हणाली, तुमी रंगवताय त्यातले बरेच जिते हायत.

एवढंच म्हणाली. मला तिचा स्वर शिक्षिकेसारखा वाटला. मला शिक्षिका आवडत नाहीत.

२८ मार्च

काम झालं. छान झालं असं मीच म्हणते, कारण दुसरं कुणी म्हणायला नाही.

शाळेचे कपडे कुठल्या रंगाचे होते हे समितीत कुणालाच आठवत नाही. मग मीच दिले. सगळ्यांना आकाशी देऊन देऊन कंटाळा आला म्हणून गोदीला झगझगीत केशरी दिला, जीभ दाखवणाऱ्या मुलीला शोभतो. वाळूच्या तोंडावर फीत जरा खराब होती. तिथे यंत्राने ओठ आणि नखं निळसर करून ठेवली आहेत. तो पळतोय, कोण बघतंय, सोडून दिलं. गौरेच्या फ्रॉकवरचा ओला डाग मात्र मी हौसेने केला. डाळिंबी. उन्हात ओल्या कापडाला जी चमक येते ती त्यात उतरली आहे.

गौराबाईंना दाखवलं. त्या आधी पोट धरून हसल्या. त्यांचा फ्रॉक दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या पोत्याचा होता, त्याला रंग नव्हताच, अक्षरं होती. मग म्हणाल्या, ताई, मी मरायच्या आधीच रंगवलंस की गं मला. आणि भाजीला फोडणी द्यायला उठून गेल्या.

३० मार्च, पाडवा

गुरुजींनी मला न विचारता फीत समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत ती सगळीकडे. डेपोतले कंडक्टर, भाजीवाल्या, वीटभट्टीवरून सणाला घरी आलेली माणसं, सगळ्यांच्या मोबाइलवर पळणारा वाळू. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम लोक पुन्हा पुन्हा बघताहेत. श्रीखंड खाल्लं.

३ एप्रिल

साखरशेतचा वाळू गेला. मण्यार चावली. दुपारी झोपडीत आडवा झाला होता, उठलाच नाही.

पुष्पा वर आली. माझ्या स्क्रीनवर तिने फीत थांबवली, पळणाऱ्या पोरावर. शेजारी आपला मोबाइल धरला. त्यात वाळूचा शेवटचा फोटो. ओठ निळे, नखं निळी. छटा तीच. मी या धंद्यात आयुष्य घालवलंय, छटा मला कळते.

मी म्हटलं, मण्यारीच्या विषाने माणूस गुदमरतो आणि निळा पडतो, कुठल्याही डॉक्टरला विचार. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, फीत काढून टाकायला सांगा गुरुजींना. मी म्हटलं, काय कारण देऊ?

पुण्यात कुणाला कळलं तर लोक हसतील. साप चावला म्हणून फीत मागे घेतली.

९ एप्रिल

गोदी. राब भाजत होती. शेतात पाचोळा, शेण पसरून पेटवतात, पेरणीआधी, सगळेच करतात. वारा फिरला. पदर पेटला. पेटत्या अंगाने ती बांधावरून पळाली तेव्हा लोकांना लांबून फक्त रंग दिसला म्हणे.

कुठला ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

गौराबाई जेवण वाढताना नेहमीसारख्याच बोलत होत्या. गोदी शाळेत असताना त्यांच्या भाकरीतला घास पळवायची, ते सांगत होत्या. मी आमटीकडे बघत होते. वाढणाऱ्या हाताकडे बघवत नव्हतं.

योगायोग दोनदा होऊ शकतो. तिसऱ्यांदा झाला तर बघू. असं लिहिलं आणि मग लक्षात आलं की तिसरं कोण.

१२ एप्रिल

गुरुजींचा फोन. दोन माणसं गेली याचं त्यांना दुःख आहे, पण ते मुद्द्यावर लवकर आले. फितीत छडीवाला मुलगा बाकीच्यांइतकाच काळा दिसतो. तो उजळ करून मिळावा. सुवर्णमहोत्सवाला साहेब लोक येणार आहेत. एकदा केला, पाठवला. अजून उजळ. पुन्हा केला. अजून.

आता जे केलं ते लिहून ठेवते. मला खात्री करून घ्यायची होती. रोहिदासच्या आजोबांच्या गप्पांवर मी फीत मागे घेणार नाही, आणि नाही घेतली तर गौराबाई. मध्ये काहीतरी पुरावा हवा. तो कुणावर तपासायचा? आणि इथे एक माणूस स्वतः फोन करून मागतो आहे. मी त्याला पांढरा केला. गोरा नव्हे, पांढरा, कपाळापासून पायापर्यंत, भिंतीसारखा. पाठवण्याआधी कडा पुन्हा एकदा तपासल्या.

गुरुजी खूश. त्यातलाच फोटो काढून त्यांनी व्हॉट्सअॅपवर स्वतःच्या नावासमोर लावला.

१५ एप्रिल

शाळेची रंगसफेदी चालली आहे. हौदात चुनकळी भिजत घातली होती, फसफसत, उकळत. गुरुजी काठावर उभे राहून गड्यांना ओरडत होते की पाणी कमी घातलंय. पाय सरकला.

बाहेर काढले तेव्हा कपाळापासून पायापर्यंत, असं सांगणाऱ्याने सांगितलं. डोळेसुद्धा.

मला वाईट वाटलं का ते तपासलं. आधी वाटलं ते समाधान, छटा बरोबर आल्याचं. वाईट नंतर वाटलं, आणि थोडं.

आता गौराबाई.

१६ एप्रिल

सकाळपासून काम करते आहे. डाळिंबी काढून हिरवा दिला. हिरवा म्हणजे काय? शेवाळ, विहीर. काढला. पिवळा म्हणजे कावीळ. तपकिरी म्हणजे माती. निळा झाला आहे, केशरी झाला आहे, पांढरा झाला आहे. काहीच होत नाही असा रंग शोधते आहे. एवढी वर्षं रंगात काढली, असा एकही सापडत नाही.

शेवटी सगळा रंग काढून टाकला. मूळ काळीपांढरी फीत सगळ्यांना पाठवली, खाली लिहिलं की आधीची काढून टाका, ही ठेवा. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. दोघांनी विचारलं, मॅडम, ही बिघडलीय का.

१८ एप्रिल

पुष्पा आणि रोहिदास दारोदार फिरताहेत. मोबाइल मागायचा, फीत पुसायची, पुढचं घर. मोखाड्याचा आठवडी बाजार झाला, जीपच्या थांब्यावर झालं. पण भिवंडी, वसई, नाशिक. त्यांनी आपल्या मुकादमाला पाठवली असेल, मुकादमाने बायकोला. एकीने पुष्पाला सांगितलं की तिच्या पोरीला ती पाणी पिणारी मुलगी इतकी आवडते की ती बघितल्याशिवाय जेवत नाही.

कुठेतरी कुणीतरी रोज जेवताना तो डाग बघतंय.

२० एप्रिल

पुष्पाने स्वयंपाकघरातलं लाल सगळं बाहेर काढलं. तिखट, टोमॅटो, कुंकवाचा करंडा, लाल काठाचं लुगडं. गौराबाई कुरकुरल्या, की तिखट नाय तर गिऱ्हाईक काय माझं तोंड बघून जेवंल? पुष्पाने सुऱ्याही उचलल्या. भाजी हाताने मोडते आहे.

गौराबाईंना सगळं कळलं आहे. मला म्हणाल्या, ताई, तू उगा जीव खाऊ नको. जाणार ते जाणारच. पण मिलोच्या पोत्याला डाळिंबी दिलास, हौस भारी हां तुला. हसत होत्या.

मी वर येऊन रडले. जरा जास्तच वेळ. कुणासाठी ते नक्की माहीत नाही.

२३ एप्रिल

दुपारची पंगत. गौराबाई भात वाढत होत्या. मी समोरच बसले होते. खोकल्या. परात खाली ठेवली, नीट, सांडू न देता. पुन्हा खोकल्या.

तोंडातून. हनुवटीवरून, छातीवरून, खाली. लुगडं पांढरं होतं, पुष्पाने मुद्दाम नेसवलेलं. पोटापर्यंत. तिथे थांबला. जिथे मी थांबवला होता तिथे. पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं, त्यात ती चमक —

आणि हसल्या. फितीतल्यासारख्या. तसंच.

२४ एप्रिल

पुष्पा रडत नाही. मी जवळ गेले तर बाजूला झाली, भांडं हलवावं तशी.

संध्याकाळी जिन्यात भेटली. म्हणाली, वाळू गेला तवा तुमाला खरं वाटलं नाय. गोदी गेली तवा वाटलं. मग गुरुजींना केलं, ते ठाऊक असून केलं. तपासून बघायला. त्या दिसांत फीत पुसली असती तर पुसली गेली असती. तवा ती जव्हार-मोखाड्यातच होती.

मी म्हटलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, तुमी त्याला गोरा नाय केला, पांढरा केला. गोरा कसा करायचा ते तुमाला येतं.

३ मे

गौराबाईंचं दहावं काल झालं. आज सामान बांधलं. निघताना पुष्पा अंगणात उभी होती. मला वाटलं काही बोलेल. तिने मोबाइल वर धरला आणि माझा फोटो काढला. मग बटणं दाबत राहिली.

एसटीत बसल्यावर तो आला. मी, बॅग, आंब्याचं झाड. झाड हिरवं, बॅग निळी. फक्त माझा रंग काढलेला. बाकी सगळं जागच्या जागी. कापून काढण्यात हात स्वच्छ आहे तिचा. धंद्यातल्या माणसाने दाद द्यावी असा.

खाली काही लिहिलेलं नाही.

४ मे, नाशिक

लॉजचा आरसा. खोली रंगीत. गुलाबी भिंत, हिरवी बादली. मध्ये मी. काळीपांढरी.

दिवा बदलून बघितला. खिडकीशी जाऊन बघितलं. जीभ काढून —

कुंकू लावलं. बोटावर लाल. कपाळाला टेकलं की राखाडी.

५ मे

डॉक्टर. डोळे उत्तम आहेत म्हणाला. मी म्हटलं, डोळ्यांचं नाही, मला बघा. तोवर तो कागदाकडेच बघत होता. वर बघितलं. हिरड्या बघितल्या. नाडी बघितली, ती सापडेना, पुन्हा बघितली. मग हात धुतले, बराच वेळ. फी घेतली नाही.

रस्त्यात एक लहान मुलगी आईच्या मागे लपली.

६ मे

माझा फोटो मीच रंगवला. भरते आणि उडतो. भरते आणि उडतो. पुण्याला एकाला पाठवला. त्याने रंगवून परत पाठवला, छान आलाय म्हणाला. उघडला. काळापांढरा.

भूक नाही. झोप नाही. दोन दिवस तहानसुद्धा —

रोहिदासला फोन केला. तो आता बढाया मारत नाही. म्हणाला, आपला रंग आपल्याला नाय लागत मॅडम, मेलेला कुठं सांगायला येतो. ज्याने काढला त्यानंच घालायचा. विचारा तिला. आणि फोन ठेवला.

८ मे, जव्हार

खानावळीत तीच आहे, आईच्या जागी. लोक जेवत होते. मला बघून उठले, अर्ध्या पानावरून.

मी मागितला. रंग. कुठलाही दे म्हटलं. निळा दे, केशरी दे. मला त्याचा अर्थ कळतो म्हटलं. डाळिंबी दे. खाली बसले. तिचे पाय धरले. माझे हात तिच्या पायांवर, राखाडी.

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, रंग लागल्याबिगर कुणी जात नाय. तुमी राहा.

म्हटलं, किती दिवस. तिने भाकर उलटली.

तारीख नाही

वरच्या खोलीत. कुणी हाकलत नाही. कुणी येतही नाही.

श्वास धरून बघितला. कितीही वेळ धरता येतो.

—

आंब्याची साल काढताना बोट कापलं. दुखलं नाही. आलं ते शाईसारखं. काळंही नाही, मधलं काहीतरी. यंत्र चालू करून छटा मोजली. रंग शून्य.

पण हे वरवरचं. फीतही वरवर खराब होते, खालच्या थरात शिल्लक असतं, मी कितीदा काढलंय. आत कुठेतरी लाल असणारच. मनगटाशी पातळ असतं सगळं —

नाही. अजून राखाडीच. अजून थोडं खाली

दुखत नाही अजिबात. उजेडाला धरते

अजून खाली, हाडाच्या आधी एक थर, तिथे नक्की